थोरल्याचं भाषण

विहिरीत अडतिसाव्या फुटावर पहार खणकन वाजली तेव्हा गावाला आनंद झाला आणि थोरल्यानं रहाटाचा दांडा आणखी घट्ट धरला.

गावाचं म्हणणं सरळ होतं. खडक लागला, आता खडक फोडायचा, खाली पाणी. तीन महिने बायका ओढ्यापलीकडून डोक्यावर पाणी आणत होत्या, पुरुष त्यांना वाटेत भेटून "आता थोडेच दिवस" म्हणत होते, आणि बायका त्यावर काय म्हणत होत्या ते लिहिण्यासारखं नाही.

थोरल्याचा जीव मात्र सव्वीस फुटांवर अडकला होता. तिथं, पूर्वेच्या अंगाला, मुरमाचा थर होता आणि त्या थराला पोट सुटलं होतं. महिन्यापूर्वी ते तळहाताएवढं होतं. आता परातीएवढं झालं होतं आणि वर-खाली करणारी बादली जाता-येता त्याला चाटून जात होती. प्रत्येक वेळी चिमूटभर मुरूम खाली गळायचा. खाली धाकटा भाऊ असायचा. तो डोकं झटकायचा आणि पुन्हा पहार उचलायचा.

वीस वर्षं थोरला स्वतः खाली होता. मग त्याचे गुडघे गेले. ते एका दिवसात गेले नाहीत, पायरी पायरीनं गेले, आणि एका सकाळी तो विहिरीत उतरला तो संध्याकाळी बादलीत बसून वर आला. तेव्हापासून धाकटा खाली आणि थोरला वर. रहाटाच्या एका दांड्यावर थोरला, दुसऱ्यावर त्याची बायको. दोघांनी मिळून दगडांनी भरलेली बादली ओढायची, रिकामी करायची, परत सोडायची. अडतीस फुटांवर लांबलचक वाक्य पोचत नाही, वाटेतच त्याचा लगदा होतो. म्हणून त्या घराचं दिवसभराचं बोलणं तीन शब्दांत भागायचं. ओढ. सोड. थांब. नवरा-बायकोचं भांडणसुद्धा त्यातच बसायचं, फक्त आवाज बदलायचा.

खडक लागला त्याच दिवशी विहिरीचा ठेकेदार आला. काठावर ओणवा झाला, बॅटरी मारली.

"सोमवारी सुरुंगवाला येतोय," तो म्हणाला.

"त्याआधी बांधून घेऊ," थोरला म्हणाला. "खालून दगड रचत वर यायचं. तो थर झाकला की मग खुशाल फोडा."

"कुठला थर?"

थोरल्यानं दाखवला. ठेकेदारानं बॅटरी तिथं जरा जास्तच वेळ धरली. मग ती बंद केली आणि स्वतःच्या पोटावरून हात फिरवला. "वय झालं की थोडंफार सुटतंच हो. मला नाही का?"

"तुमच्या पोटाखाली माझा भाऊ काम करत नाही."

ठेकेदार हसला, पण सरळ उभा राहिला. "हे बघा, सुरुंगाचा ठराव गावाच्या सभेनं केलाय, मी नाही. रविवारी सभा आहे. तिथं उठून सांगा. सभा थांबा म्हणाली तर मी थांबतो. माझं काय जातंय?"

सुरुंग उडतो तेव्हा विहिरीत कोणी नसतं. सगळे लांब जाऊन कानात बोटं घालतात. पण धूर निवला की पहिला एक माणूस खाली उतरतो आणि फुटलेला दगड भरायला लागतो. तो माणूस म्हणजे धाकटा. हादरलेला थर लगेच पडणार, तासाभरानं पडणार, की धाकटा बादलीवर वाकलेला असताना पडणार, ते त्या थराच्या मर्जीवर होतं.

"दादा, तू म्हातारा झालास," धाकटा जेवताना म्हणाला. "सोमवारी फोडू, गुरुवारी पाणी. तुला वर बसून भलतंच दिसतं."

म्हणजे धाकटा सभेत काही बोलणार नव्हता. उरला थोरला. आणि थोरल्यानं सभेत बोलणं ही गोष्ट गावानं एकदा अनुभवली होती.

दोन वर्षांपूर्वी शाळेची विहीर पुरी झाली तेव्हा सभेच्या अध्यक्षबाईंनी त्याला "दोन शब्द बोला" म्हणून उभं केलं होतं. थोरला मोजून दोनच शब्द बोलला. पहिला "ओढ" आणि दुसरा "सोड". त्याला दुसरं काही सुचलंच नाही, आणि हे जे सुचलं ते त्यानं सवयीच्या आवाजात म्हटलं, म्हणजे जो आवाज विहिरीच्या तळापर्यंत जातो त्या. पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीचं कानातलं यंत्र बंद पडलं. ते अजून दुरुस्तीलाच आहे.

"मी बोलते," बायको म्हणाली.

बायको मागच्या वर्षी सभेत पाण्याच्या टाकीबद्दल बोलली होती. त्यानंतर सभा दोन महिने भरली नव्हती. अध्यक्षबाई अजूनही तिला लांबून हात जोडतात आणि म्हणतात, "वहिनी, तुम्ही बसूनच बऱ्या."

"मग बाबांनाच शिकवायचं," मुलगी म्हणाली.

मुलगी औषधांच्या दुकानात कामाला होती. दुकानात खोकला असलेली माणसं येत आणि ती त्यांच्याशी टवटवीत बोले, त्यामुळे बोलण्यातलं आपल्याला कळतं असं तिचं मत होतं. शिवाय तिच्या फोनमध्ये एक शिकवणीच होती. नामवंत माणसं आत्मविश्वासानं कशी बोलतात ते बघा आणि शिका. सात धडे. बुधवार होता. रविवारपर्यंत सात धडे बसवायचे तर दोन धडे एका दिवशी घ्यावे लागणार होते, आणि थोरला आयुष्यात शाळेत एवढं शिकला नव्हता.

पहिल्या धड्यात एक पुढारी होता. सगळ्या जगाला माहीत असलेला. समोर डोकीच डोकी, पाय ठेवायला जागा नाही, आणि हा गप्प उभा.

"बोलत का नाही तो?" थोरल्यानं विचारलं.

"तीच तर खुबी आहे, बाबा. तो सगळं शांत व्हायची वाट बघतोय. तोवर तोंड उघडत नाही. मग लोकच गप्प होतात, आणि मग पहिला शब्द कसा पडतो बघा."

पहिला शब्द पडला. लाखभर माणसं ओरडली.

"तुम्हीपण असंच करायचं. सगळे गप्प झाल्याशिवाय एक शब्द नाही. काही झालं तरी."

"काही झालं तरी?"

"काही झालं तरी."

थोरल्यानं मान हलवली. दोरावर काम करणाऱ्या माणसाला सूचना एकदाच द्यायची असते. तो ती पाळतो, कारण न पाळली तर खाली कोणीतरी असतं.

गुरुवारी त्यानं रहाटावरच सराव केला. खालून धाकट्याचा आवाज आला, "ओढ!" थोरला दांड्यावर हात ठेवून ताठ उभा राहिला आणि क्षितिजाकडे बघू लागला.

"ओढ!"

दूर एक गाय ओरडत होती. थोरल्यानं तिचं संपायची वाट पाहिली.

"दादा! मेलास का वर?"

बायकोनं काठावरून डोकं घातलं. "मेले नाहीत. भाषण चाललंय."

थोड्या वेळानं दोर तीनदा हिसकला. दोघांनी ओढला तर बादलीत दगडांऐवजी धाकटा बसलेला, हातात पहार. "कोणाला मारायचं ते सांगा," तो म्हणाला. मग त्याला सगळं सांगितलं. तो इतका हसला की बादलीतून उतरायचंच विसरला.

दुसऱ्या धड्यात एका मोठ्या कंपनीचा मालक होता. तो रंगमंचावर चप्पल हरवल्यासारखा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होता.

"असं फिरायचं. सगळी जागा आपली आहे असं वाटलं पाहिजे."

"गुडघे?"

मुलीनं जरा विचार केला. "बरं, तुम्ही एकाच जागी उभं राहा. पण ती जागा आपली आहे असं वाटू द्या."

तिसऱ्यात अंतराळात जाऊन आलेली एक बाई होती. ती स्वयंपाकघरात बोलावं तसं हळू बोलत होती. यान सुटायच्या आधी माझे पाय लटलटत होते, असं तिनं सगळ्यांदेखत सांगितलं. थोरला पहिल्यांदाच फोनजवळ सरकला.

"मग?"

"मग गेली वर."

"वर कोण होतं?"

"वर कोण असणार, बाबा?"

"मग दोर कोणी धरला?"

"दोर नसतो त्याला."

थोरला बराच वेळ त्या बाईकडे बघत राहिला. त्यानं तो धडा परत लावायला सांगितला. बायकोनंही पाहिला आणि म्हणाली, "हिच्या घरच्यांनी जेवण कसं केलं असेल त्या दिवशी."

चौथा धडा हातांचा होता. मोठी माणसं बोलताना हात मोकळे सोडतात, हवेत उघडतात, जणू काही देतायत. मुलीनं थोरल्याला अंगणात उभं केलं आणि म्हणाली, "सोडा हात."

थोरल्यानं हात सोडले. हात खाली आले, जरा लोंबले, आणि आपोआप मिटले. बोटं अशी वळली की मधून दांडा घालता आला असता.

"मोकळे, बाबा. उघडा."

त्यानं उघडले. मिटले.

"अहो, सोडा ना!"

"सोडवत नाहीत," थोरला म्हणाला. "सोडले की खाली कोण आहे ते आठवतं."

मुलीनं त्या मिटलेल्या बोटांकडे बघितलं. मग म्हणाली, "राहू द्या. मिटलेले पण चालतील. पाचवा धडा घेऊ."

पाचवा नजरेचा. गर्दीकडे बघायचं नाही, गर्दीला घाबरायला होतं. एक माणूस निवडायचा आणि नजर त्याच्यावरून हलवायची नाही. थोरल्यानं बायको निवडली. ती सुपात धान्य निवडत होती.

"काय पाहिजे?" ती म्हणाली.

"काही नाही."

"मग असं बघू नका."

तो बघत राहिला.

"अहो, हे बघणं लग्नाआधी करायचं होतं. आता माझे खडे राहतायत धान्यात."

सहावा धडा भाषण लिहिण्याचा. ते मुलीनंच लिहिलं. एका मोठ्या विचारवंताच्या धर्तीवर सुरुवात केली होती: बंधूंनो आणि भगिनींनो, आज आपण इतिहासाच्या उंबरठ्यावर उभे आहोत.

"विहिरीला उंबरठा नसतो," थोरला म्हणाला.

"म्हणायचं असतं हो तसं."

"आणि काठावर एवढ्या माणसांनी उभं राहायचं नाही. काठ ढासळतो."

शुक्रवारभर ते भाषण कमी होत गेलं. इतिहास गेला. बंधू-भगिनी गेले. पिढ्यानपिढ्या गेल्या. शेवटी राहिलं ते असं: तो थर पडेल. आधी बांधू द्या.

"एवढंच?" मुलगी म्हणाली.

"एवढंच तर आहे."

सातवा धडा टाळ्या संपेपर्यंत कसं थांबावं याचा होता. तो त्यांनी सोडून दिला.

शनिवारी दुपारी धाकटा वर आला तेव्हा शर्ट हातात घेऊन आला. डाव्या खांद्यावर लाल वळ होता, मधून कातडं सोलवटलं होतं.

"काय लागलं?" वहिनीनं विचारलं.

"बादली."

थोरल्यानं बघितलं. बादलीचा काठ गोल असतो. हा वळ गोल नव्हता. त्याला कोपरे होते, मुरमात अडकलेल्या दगडाला असतात तसे. त्यानं विहिरीत डोकावून पाहिलं. सव्वीस फुटांवर पोटाच्या खालच्या बाजूला एक ओलसर खोबण दिसत होती, ताजी, गडद.

"झाली का तालीम?" धाकटा पाण्यानं खांदा धूत म्हणाला. त्या दिवशी तो हसला नाही आणि जेवताना त्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

रविवारी सकाळी सभा धान्याच्या गोदामात भरली. पोती भिंतीला लावून मध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. शेजारी पिठाची गिरणी चालू होती, कारण गिरणीवाल्याचं म्हणणं होतं की सभा रोज नसते पण पीठ रोज लागतं. तो स्वतः मात्र सभेत येऊन बसला होता, अंगावर पीठ घेऊन. पत्रे तापून टकटक वाजत होते. दोन तान्ही मुलं होती आणि त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं.

"पहिला विषय विहीर," अध्यक्षबाई म्हणाल्या. "उद्या सुरुंग लावायचाय. कोणाला काही बोलायचंय?"

मुलीनं कोपरानं ढोसलं. थोरला उठला. पुढं गेला. टेबलाजवळची एक फरशी निवडली, ती आपली आहे असं वाटून घेतलं, आणि वळून उभा राहिला. समोर सगळं गाव. त्यानं घाईघाईनं एक माणूस निवडला. पहिल्या रांगेत अगदी नाकासमोर ठेकेदार होता. थोरल्यानं नजर त्याच्यावर ठेवली आणि शांत व्हायची वाट बघू लागला.

गिरणी घरघरत होती.

"बोला," अध्यक्षबाई म्हणाल्या.

मागे कोणीतरी खुर्ची ओढली. एक तान्हं रडायला लागलं, दुसऱ्यानं त्याला साथ दिली. थोरला थांबला.

"बोला ना, आम्ही ऐकतोय."

कोणीतरी "ओढ!" म्हणालं आणि मागची रांग हसली. मुलगी डोळे मोठे करून बापाला खुणावत होती की बोला आता, पुरे. पण थोरल्याची नजर ठेकेदारावर होती आणि ती हलवायची नव्हती.

दोन मिनिटं गेली.

"असू दे," अध्यक्षबाई समजुतीनं म्हणाल्या. त्यांना दोन वर्षांपूर्वीचं आठवत असणार. "सुचलं की सांगा. तोवर पुढचा विषय घेऊ. मोकाट कुत्री."

मोकाट कुत्र्यांवर तिघं बोलले. त्यांना टेबलाजवळ यायचं तर थोरल्याला वळसा घालून यावं लागत होतं. थोरला तिथंच. कुत्र्यांनंतर सांडपाणी आलं. सांडपाण्यावर बोलणाऱ्या शिंप्यानं थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "ही बघा, आमच्या आळीची माणसं किती चिडलीत. शब्द फुटत नाही त्यांना." सांडपाण्याचा ठराव लगेच मंजूर झाला. शिंप्याला स्वतःलाच नवल वाटलं. नऊ वर्षं तो मागत होता.

मग रस्त्यावरचा दिवा आला. थोरल्याचे गुडघे दुखायला लागले होते. उजवा आतून ठणकत होता, डावा नुसताच गरम झाला होता. घाम भुवईवरून डोळ्यात उतरला, तरी त्यानं पापणी मिटली नाही. गिरणी चालूच होती.

आता लोक दिव्याकडे लक्ष देईनात. "उपोषण आहे का?" कोणीतरी विचारलं. "नाही, सकाळी जेवून आलाय, मी पाहिलं." "मग मौन असेल." "कोणाविरुद्ध?" सगळ्यांनी थोरल्याच्या नजरेचा माग काढला आणि ती जिथं जात होती तिथं बघितलं.

तिथं ठेकेदार होता.

ठेकेदारानं एक पाय दुसऱ्यावर टाकला. मग काढला. मग रुमाल काढून मान पुसली. जरा डावीकडे सरकला, पण थोरल्याची नजर दोरासारखी त्याच्या मागे गेली.

"काय हो," तो शेवटी म्हणाला, "असं काय बघताय?"

थोरला गप्प.

"मी काय केलंय? अध्यक्षबाई, यांना सांगा."

"त्यांनी तर काहीच म्हटलं नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"तेच तर! चाळीस मिनिटं झाली. माणसानं काहीतरी म्हणावं की." ठेकेदार उभा राहिला. "ठीक आहे. हो. पाहिलाय मी तो थर. बॅटरीनं नीट पाहिलाय. सुटलंय पोट, मी कुठं नाही म्हणतो? पण मला वाटलं, टिकेल. चार दिवसांचं तर काम. आता सगळ्या गावानं मलाच खायचं का? घाई तुम्हीच केली होती!"

गोदाम चिडीचूप झालं. तान्ही मुलंसुद्धा गप्प झाली, बहुधा दमली होती. आणि गिरणीवाला, ज्याला काही ऐकू येत नव्हतं म्हणून राग आला होता, तो बाहेर जाऊन गिरणी बंद करून आला.

आता सगळं शांत होतं. थोरल्यानं तोंड उघडलं.

"तो थर पडेल," तो म्हणाला. "आधी बांधू द्या."

आवाज साधाच निघाला, घरातला. त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. लोक आणखी काहीतरी ऐकायची वाट बघत होते, पण भाषण संपलं होतं.

"कुठला थर?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "मला नीट सांगा."

आणि विचारल्यावर सांगायला थोरल्याला कधीच अडचण नव्हती.

"पूर्वेचा. सव्वीस फुटांवर."

"केवढा आहे?"

त्यानं मिटलेले हात उघडले आणि दाखवला. हात बरेच लांब गेले.

"सुरुंगानं पडेल म्हणता?"

"सुरुंगानं नाही पडला तर सुरुंगानंतर पडेल. कधी ते सांगता येत नाही. सांगता आलं असतं तर तेवढ्या वेळापुरतं बाजूला झालो असतो."

"आणि खाली कोण असतं?"

"माझा भाऊ."

सगळ्यांनी मागे वळून बघितलं. धाकटा शेवटच्या रांगेत पोत्याला टेकून बसला होता. त्यानं पायातल्या वहाणेकडे बघितलं, जणू तिच्याबद्दलच चाललंय.

"बांधायला किती दिवस लागतील?" एका बाईनं विचारलं. ती उभी राहून विचारत होती, कारण तिची मान आखडली होती आणि बसून वळता येत नव्हतं. ओढ्यापासून सगळ्यात लांबचं घर तिचंच. "आठ दिवस तरी जातील ना? आठ दिवस मी आणखी डोक्यावर वाहायचं?"

मुलीनं मान खाली घातली. आता बाबांनी जरा गोड बोलावं, असं तिला मनापासून वाटत होतं.

"आठ नाही," थोरला म्हणाला. "अकरा."

गोदामभर "अरेरे" झालं. ठेकेदारानंसुद्धा कपाळाला हात लावला, थोरल्याच्या वतीनं.

"आठ म्हणून सांगता आलं असतं," थोरला म्हणाला. "पण लागतील अकरा. दगड नीट बसवायला हवेत."

ती बाई त्याच्याकडे बघत राहिली. आखडलेल्या मानेमुळे ती डोकं एका बाजूला धरून बघत होती. "बरं झालं खरं सांगितलं," ती म्हणाली. "आठ सांगून अकरा लावले असते तर मी स्वतः विहिरीवर आले असते. अकरा तर अकरा. माणूस गाडून काढलेलं पाणी माझ्या घरात कोणी पिणार नाही." आणि ती कण्हत खाली बसली.

"हात वर करा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आधी बांधायचं, मग सुरुंग. कोणाकोणाला मान्य?"

गावाची एक सवय आहे. पहिला हात कोणी वर करत नाही. पहिला हात वर करणाऱ्याला मग कामाला लावतात, असा अनुभव आहे. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. पत्रे टकटकत होते. थोरल्याला वाटलं, गेलं, आता हे सगळं उभं राहणं वाया गेलं.

तेवढ्यात शेवटच्या रांगेत एक हात वर गेला. झटकन, खांद्याच्या वळासकट, अगदी पत्र्याला लागेल इतका ताठ. धाकट्याचा.

तो हात बघून बाकीचे हात वर यायला लागले. मान आखडलेल्या बाईचा, शिंप्याचा, गिरणीवाल्याचा पांढराशुभ्र. मग सगळेच. शेवटी ठेकेदारानं इकडेतिकडे बघून आपलाही केला. "सुरुंगवाल्याला मी सांगतो," तो म्हणाला, "येऊ नको म्हणून. दगड उद्या टाकतो. पण या माणसाला आता बसायला सांगा, माझ्यानं बघवत नाही."

बायको पुढं आली आणि तिनं थोरल्याचा दंड धरला. गुडघे वळेनात. तिनं एका हातानं दंड आणि दुसऱ्या हातानं पाठ धरून त्याला वळवलं, बादली काठावर घेतात तसं, आणि दारापर्यंत नेलं. लोकांनी वाट दिली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. थोरल्याला टाळ्यांचा धडा माहीत नव्हता, म्हणून तो चालत राहिला.

बाहेर ऊन होतं, वारा होता. मायलेकी पुढं चालू लागल्या. मुलगी आईला सांगत होती की बाबांनी पुढाऱ्याचा धडा जरा जास्तच मनावर घेतला, आणि आई म्हणत होती, "त्यांना काही सांगताना तू जपूनच सांगत जा." थोरला रस्त्याच्या कडेच्या दगडावर टेकला आणि पाय लांब करून चोळू लागला. मागून धाकटा आला आणि शेजारी बसला.

धाकट्यानं वहाण काढली, झटकली आणि परत घातली.

"चार रात्री झोप नाही मला," तो म्हणाला. "डोळा लागला की मुरूम गळताना दिसतो. काल दगड आला ना, तर मी तिथंच खाली बसलो होतो. पाय उचलेना."

थोरल्यानं त्याच्याकडे बघितलं. "आणि मला म्हातारा म्हणत होतास."

"मग काय म्हणू? घाबरलोय म्हणू?"

"म्हणायचंस की. सभेत उठून तूच सांगितलं असतंस तर मला एवढं उभं राहावं लागलं नसतं. विहिरीत तू उतरतोस. तुझं लोकांनी लगेच ऐकलं असतं."

"सभेत?" धाकटा म्हणाला. "एवढ्या माणसांसमोर?" त्याच्या चेहऱ्यावर आता जी भीती होती तशी थोरल्यानं त्याला विहिरीत सोडताना कधी पाहिली नव्हती. "नाही रे बाबा. त्यापेक्षा मी सोमवारी उतरलो असतो."